ढब्बू फुगेना, टिंबू झोपेना

थंडी पडली, कुड कुड कुड!

तबेल्यात होता एक घोडा. त्याचं नाव ढब्बू. ढब्बूच्या पाठीवर राहायचा एक उंदीर. उंदीर कसला, मुठीत मावेल एवढं पिल्लू! त्याचं नाव टिंबू.

ढब्बूची पाठ म्हणजे टिंबूची गादी. मऊ मऊ, ऊन ऊन. रोज संध्याकाळी टिंबू शेपटीवरून वर चढायचा. तुरुतुरु तुरुतुरु. मग गोल गोल गुंडाळून झोपायचा. घुर्र… फुस्स. घुर्र… फुस्स.

एक दिवस काय झालं? टिंबू चढला. तुरुतुरु तुरुतुरु. अंग टाकलं आणि…

टुच्च!

"आई गं! काय टोचलं?"

इकडे वळला. टुच्च! तिकडे वळला. टुच्च टुच्च!

हाडं हो, हाडं! ढब्बूची हाडं! ढब्बूची झाली होती काडी, आणि टिंबूची गेली होती गादी. गेली म्हणजे गेलीच!

"ढब्बूदादा, ढब्बूदादा, फुग ना!"

"फुगू कसा?" ढब्बू म्हणाला. "कडबा कडक. पाणी गारढोण. दात ठणकतात, टण टण टण. मला कोमट पाण्यात भिजलेले हरभरे दे. मग फुगतो."

"हरभरे कुणाकडे?"

"आपल्या हैबतमामांकडे."

टिंबू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. ढब्बूचे मालक हैबतमामा अंगणात बसले होते. खोगिराच्या पट्ट्याला भोक पाडत होते. ठाक ठाक ठाक.

"मामा, मामा, हरभरे द्या ना!
ढब्बू फुगेना,
टिंबू झोपेना!"

मामा हसले, हो हो हो! "ढब्बू आणि बारीक? बघ तरी, कसा गुबगुबीत दिसतोय! हा पट्टाच मेला रोज सैल होतो. म्हणून मी रोज नवं भोक पाडतो."

"अहो मामा, ते केस आहेत! थंडीत वाढलेले केस! आत हात घालून बघा!"

मामा तबेल्यात आले आणि त्यांनी ढब्बूच्या केसांत हात घातला. बरगडी. पुन्हा बरगडी. आणखी एक बरगडी!

"अरे देवा! पट्टा कसला सैल होतोय, घोडाच वाळलाय! आणि मी बसलोय भोकं पाडत!"

हसू नका रे. मोठ्या माणसांचं होतं असं कधी कधी.

मामांनी हरभऱ्याचं पोतं उघडलं. पण घागरीत बोट बुडवलं आणि झटकन बाहेर काढलं. "हुडहुडहुड! हे पाणी की बर्फ? चुलीला सांग पाणी तापव. मग भिजवतो."

टिंबू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. चूल गप्प बसली होती. काळी काळी, गार गार.

"चूलबाई, चूलबाई, पेट ना!
मामा भिजवेना,
ढब्बू फुगेना,
टिंबू झोपेना!"

"नाही नाही नाही!" चूल म्हणाली. "माझ्या पोटात नुसती राख. फुस्स! म्हशीकडून गोवऱ्या आण. मग पेटते."

टिंबू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. म्हैस रवंथ करत होती. कचर कचर कचर.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, गोवऱ्या दे ना!
चूल पेटेना,
मामा भिजवेना,
ढब्बू फुगेना,
टिंबू झोपेना!"

"नाही नाही नाही!" म्हैस म्हणाली. "गोवऱ्या कशाच्या? शेणाच्या! शेण कुणाचं? माझं! फुकट नाही मिळायचं. गोदाक्काकडून पेंड आण. मग देते."

टिंबू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. गोदाक्का तेलाच्या घाण्यावर होती. घाणा फिरला की शेंगदाणे भरडले जायचे. तेल गळायचं खाली, आणि मागे उरायची पेंड. पण आज घाणा गप्प होता.

"आक्का, आक्का, पेंड द्या ना!
म्हैस ऐकेना,
चूल पेटेना,
मामा भिजवेना,
ढब्बू फुगेना,
टिंबू झोपेना!"

"नाही नाही नाही!" गोदाक्का म्हणाली. "पेंड कुठून देऊ, माझ्या कपाळातून? घाण्याचा बैल बसलाय अडून. विनवलं, गोंजारलं, गूळ दिला. गूळ खाल्ला आणि परत बसला! त्याला उठव. मग देते."

टिंबू निघाला. तुरुतुरु… तुरु… तुरु…

बाप रे! बैल केवढा! त्याने श्वास सोडला, फूंऽऽस! टिंबू उडाला आणि भिंतीला चिकटला. पण उठला हं. मिशा झटकल्या आणि म्हणाला,

"बैलदादा, बैलदादा, ऊठ ना!
आक्का देईना,
म्हैस ऐकेना,
चूल पेटेना,
मामा भिजवेना,
ढब्बू फुगेना,
टिंबू झोपेना!"

"नाही नाही नाही!" बैल म्हणाला. "माझ्या कानात खाज सुटलीय. खूप आत. शिंग पोचत नाही. शेपूट पोचत नाही. आक्काचं बोटसुद्धा पोचत नाही. कुणीतरी कान खाजवा. मग उठतो."

कोण खाजवणार? टिंबूने इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही. मग त्याने आपल्या पंजाकडे पाहिलं. इवलासा पंजा. इवलीशी नखं.

"अरेच्चा! मीच की!"

टिंबू चढला. तुरुतुरु तुरुतुरु. शिरला थेट कानात!

खुडुक खुडुक खुडुक.

"हाऽऽऽ!" बैल म्हणाला. "जरा वर. हाऽऽऽ! जरा खाली. हाऽऽऽ! तिथेच, तिथेच, तिथेच!"

मग काय!

बैल उठला, धडपड धडपड.
घाणा फिरला, कुर्र कुर्र.
आक्काने दिली पेंड.
म्हशीने दिल्या गोवऱ्या.
चूल पेटली, भडभड भडभड.
पाणी तापलं, बुडबुड बुडबुड.
मामांनी भिजवले हरभरे. हरभरे फुगले, टम्म!
ढब्बूने खाल्ले, कुडुम कुडुम. वर कोमट पाणी प्यायला, सुर्रर्र!

टिंबूने टुणकन उडी मारली पाठीवर.

टुच्च!

"अजून टोचतंय!" टिंबूला रडूच आलं.

"मग मी काय फुगा आहे?" ढब्बू म्हणाला. "एका घासात घोडा फुगतो का रे वेड्या? उद्या परत."

दुसऱ्या दिवशी बैल परत बसला. "कान!"

टिंबू धावला. खुडुक खुडुक, कुर्र कुर्र, भडभड, बुडबुड, टम्म, कुडुम कुडुम!

तिसऱ्या दिवशी बैल परत बसला. "कान!" टिंबू परत धावला. रोज बैल बसायचा, रोज टिंबू धावायचा, रोज ढब्बू खायचा. मामांनी ढब्बूच्या अंगावर जाड झूल घातली. रोज केसांत हात घालून बघायला लागले. बरगडी हळूहळू लपली.

"काय हा पट्टा!" मामा म्हणाले. "आता रोज आखूड होतोय!"

"मामाऽऽ! घोडा फुगतोय!" टिंबू ओरडला.

मामांनी पट्टा ओढला. आणखी ओढला. आणखीऽऽ ओढला.

फट्ट!

पट्टा तुटला! मामा पडले शेणात, पच्च! ढब्बू हसला, फुर्रर्र!

त्या संध्याकाळी टिंबू चढला. तुरुतुरु तुरुतुरु. डोळे घट्ट मिटले. हळूच अंग टाकलं आणि…

टोचलंच नाही! इकडे वळला. मऊ मऊ. तिकडे वळला. ऊन ऊन. आणखी जरा वळला आणि घरंगळला! गडगड गडगड, धप्प! पडला गवतात.

ढब्बू झाला होता गोल गोल!

"ढब्बूदादा, आता बास हं! एवढाच राहा!"

"राहतो," ढब्बू म्हणाला. "पण उद्या कान खाजवायला जाशील ना?"

"जाईन की!"

टिंबू परत चढला. या वेळी ढब्बूची आयाळ घट्ट धरली आणि गोल गोल गुंडाळून झोपला.

बाहेर थंडी, कुड कुड कुड.
ढब्बू फुगला,
टिंबू झोपला.
घुर्र… फुस्स. घुर्र… फुस्स.

आता कुणाची पाळी? तुमची! मिटा बघू डोळे.