आधी टोपलीभर खडी

१९ एप्रिल. सकाळपासून कडक ऊन, वारा अजिबात नाही.

धोंडेवस्तीच्या शाळेच्या फाटकाशी खडीचा ढीग आहे. शेजारी हातोडा आणि रिकामी टोपली. शाळेत भाषण करायचे असेल त्याने आधी टोपलीभर खडी फोडायची, ही इथली रीत. ती कशी पडली ते भागूबाई गुरव यांनी आम्हा चार पाहुण्यांना सांगितले. त्या पूर्वी या शाळेत खिचडी शिजवत.

संस्थानी काळात मोठा दुष्काळ पडला. दरबाराने रस्त्याचे काम काढले आणि पोरांनाही खडी फोडायला बसवले. ढीग पुरा झाला तरच शिधा. शाळा ओस पडली. तेव्हा संभू मास्तरांनी पण केला, असे सांगतात: पोरांची खडी मी फोडीन, पोरे शिकतील. एकोणीस पोरे सावलीत बसत. मास्तर उन्हात हातोडा मारत, ठोक्यागणिक पाढे म्हणून घेत. एकोणीस ढीग दिवस मावळायच्या आत पुरे होत म्हणे. कसे, ते कुणालाच सांगता येत नाही.

मग कारभारी पाहणीला आले. सोबत छत्रीवाला, पंखेवाला आणि वाळ्याचे सरबत. ‘मुलांच्या शिक्षणाला दरबाराचा पूर्ण पाठिंबा आहे,’ असे ते तासाभरात सात वेळा म्हणाले.

“पाठिंबा राहू द्या, साहेब,” मास्तर म्हणाले. “एवढी एक टोपली फोडा. तेवढ्यात मी बाराखडी घेतो.”

“आम्ही धोरण ठरवतो, मास्तर. खडी फोडायला माणसं आहेत.”

“आहेत ना. ही काय, सात वर्षांची.”

“लाज वाटली असेल त्यांना,” आमच्यातले एक जण म्हणाले.

“लाज? घाम आला, भाऊ. गेला घरी आंघोळीला,” भागूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला: ज्याचा शिधा, त्यानेच खडी फोडावी. पोरांचा शिधा बंद झाला. ते पाहून रस्त्यावर खडी फोडणाऱ्या आयांनी आपापले हातोडे खाली ठेवले. मास्तर मात्र फोडतच राहिले. चौथ्या दिवशी हुकूम मागे घेतला गेला. पोरांची दया येऊन नव्हे. बड्या पाहुण्याची बग्गी त्या रस्त्याने यायची होती आणि काम अडले होते. त्याच दुपारी मास्तर ढिगावर कोसळले, ते उठले नाहीत.

कारभारी शोकसभेला आले. बोलायला उभे राहताच आयांनी त्यांच्यापुढे रिकामी टोपली ठेवली. ते न बोलता परतले.

आजही रीत चालू आहे. आजवर एकतीस जण भाषणाला आले. तिघांनी टोपली भरली. अठ्ठावीस परत गेले.