साखरेची होडी

नदीकाठच्या एका गावात मथुरा नावाची एक बाई केक करायची. तिचा केक इतका हलका, की जिभेवर ठेवला आणि विरघळला. लोक म्हणायचे, "मथुरा केक नाही करत, ढग भाजते." हे ऐकलं की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्या गावचा नावाडी हिरोजी आता थकला होता. जन्मभर त्याने गावाला नदीपार नेलं-आणलं. नदीवर पूल झाला, तेव्हा गावाने हिरोजीचा सत्कार करायचं ठरवलं. केक मथुरेने करायचा आणि त्यावर ठेवायची साखरेची होडी केरबाने घडवायची.

साखरेच्या मूर्ती घडवाव्यात त्या केरबानेच. पण त्याच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरला होता. बोटांनी चाचपत, खपून खपून त्याने होडी पुरी केली. होडीत तरणाबांड हिरोजी वल्हं मारत होता, आणि समोर त्याची बायको सारजा बसली होती. सारजेला जाऊन एक जमाना लोटला होता. तिचं चित्र कुठेच नव्हतं. तिचा चेहरा आठवणारे गावात हे दोघेच म्हातारे उरले होते.

होडी मथुरेच्या ओट्यावर ठेवत केरबा म्हणाला, "पोरी, भरीव साखर आहे. जड आहे हं. तुझा केक पेलेल ना? माझ्या हातून आता दुसरी व्हायची नाही."

"पेलेल की, मामा," मथुरा म्हणाली. पण होडी उचलून पाहताच तिला कळलं, आपला नेहमीचा केक हिच्याखाली खचणार.

उपाय तिला ठाऊक होता. पीठ फार फेटायचं नाही, खजूर घालून घट्ट केक भाजायचा, तो पुरता थंड होऊ द्यायचा. मग आत बांबूच्या काड्या रोवून वर पातळ फळी टाकायची, म्हणजे सगळा भार काड्या घेतात. पण असा केक दाताला लागतो. लोक काय म्हणतील? मथुरेचा हात बिघडला!

ती भट्टीपाशी कितीतरी वेळ घुटमळली. शेवटी मनाशी म्हणाली, 'घटकाभराचा तर प्रश्न आहे. निभावेल.' आणि तिने नेहमीसारखाच मऊ केक केला.

सत्काराला सारा गाव घाटावर जमला. केकवर होडी चढली. हिरोजी काठी टेकत आला आणि वाकून पाहू लागला.

"सारजा! अशीच बसायची रे केरबा, पदर कानामागे खोचून." मग तो तिथेच, केकसमोर बसून राहिला. त्याची नजर काही हलेना.

पाटलांनी भाषण सुरू केलं. मथुरेला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. तिचे डोळे केकवर होते. केकवर थापलेल्या सायीला कडेला एक बारीक चीर गेली. मग दुसरी. होडीचं टोक किंचित कललं. 'आवरा हो पाटील, आवरा,' ती मनातल्या मनात विनवत होती. पाटील मात्र अजून आपल्या पणजोबांच्या काळातच होते.

कुणाच्याच काही लक्षात आलं नव्हतं. होडी पडली, तर ऊन होतं म्हणता येईल. मेज हललं म्हणता येईल. पण आत्ता तोंड उघडलं, तर भर सभेत आपणच आपली अब्रू घालवू. तिने हिरोजीकडे पाहिलं. तो हसत होता, एकटाच, सारजेकडे बघून.

"थांबा!" मथुरा ओरडली. "भाषण थांबवा!"

ती धावली आणि दोन्ही हातांनी होडी खालून धरली. "केरबामामा, इकडे या! केक खचतोय, होडी उचला!"

दोघांनी मिळून होडी अलगद उचलली, तेव्हा खाली केक मधोमध खचलेला होता.

घाटावर कुजबुज उठली. कुणी तोंड वाकडं केलं, कुणी अपशकुन म्हणालं. पाटील रागावून म्हणाले, "अगं, पण असं झालंच कसं?"

"मला ठाऊक होतं, पाटील," मथुरा खाली मान घालून म्हणाली. "हा केक एवढा भार घेणारा नव्हता. घट्ट केला असता तर टिकला असता. पण मऊ केकचं कौतुक मला सोडवेना."

मग हिरोजीने काठी आपटली.

"होडीत पाणी शिरलं की माणसं लाजेनं गप्प बसतात. एखादाच ओरडतो. लोक त्याच्यावरच खेकसतात, पण त्याच्यामुळेच पैलतीर गाठतात. जा पोरी, घट्ट केक कर. मी थांबतो. मला कुठे जायचंय? पूल झालाय!"

लोक हसले. मथुरा डोळे पुसत घरी पळाली.

केक भाजून, थंड होऊन यायला दिवस कलला. तिने आत काड्या रोवल्या, वर फळी टाकली आणि होडी चढवली. मग हात काढून घेतले. होडी जागची हलली नाही.

एका आजीबाईंनी कडेचा तुकडा चघळत म्हटलं, "आज दाताला लागतोय गं."

"लागणारच, आजी," मथुरा म्हणाली. मनाला थोडं बोचलं, पण होडीकडे पाहून तिला बरं वाटलं.

हिरोजीने केक चाखलाही नाही. अंधार पडेस्तोवर तो सारजेसमोर बसून होता, आणि शेजारी बसलेला केरबा तिच्या नाकाडोळ्यांविषयी त्याच्याशी हुज्जत घालत होता.

या गोष्टीचं तात्पर्य: ज्याच्यावर दुसऱ्याचं मोलाचं काही ठेवायचं, ते कौतुकाला नव्हे, भाराला पुरेल असं करावं, आणि चुकलंच, तर पडण्याआधी ओरडावं.