मैदानातली म्हैस

कागलचा संताजी चौगुले जपानमधल्या एका कारखान्यात लागला. पहाटेच्या पाळीला बस मिळत नव्हती, आणि सोमवारपर्यंत मोटारसायकलचा परवाना दाखवला नाही तर नोकरी जाणार होती. परीक्षक इनागाकी साहेबांनी त्याला तीनदा नापास केलं होतं, आणि तिन्ही वेळा कारण एकच. चाचणीचं मैदान रिकामं असलं तरी मागून गाडी येतेय असं धरून वळताना मान फिरवून बघायचं, आणि संताजी ते विसरायचा.

शुक्रवारी चौथी चाचणी झाली. संताजीने प्रत्येक वळणावर मागे पाहिलं आणि मैदानाच्या मधोमध गाडी थांबवली. साहेब तणतणत आले.

"का थांबलास?"

"म्हैस आडवी बसलीय."

"इथे कुठे आहे म्हैस?"

"साहेब, मागे नसलेली गाडी मी पाहिली नाही म्हणून तुम्ही तीनदा नापास केलंत. आज पुढे नसलेली म्हैससुद्धा पाहिली, तर नापास कसं करणार?"

साहेबांनी रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, मग कागदावर पास झाल्याचा शिक्का मारला आणि हळूच विचारलं, "गेली का?"

"शिक्का उमटला तशी उठली," संताजी म्हणाला.