आवडूच्या कोंबड्याचं शेपूट

"तुमच्यातल्याच कुणीतरी चांगलो कोंबडो घरात लपवलो हा!"

गाव राखणारा देव तो राखणदार; त्याच्या पाषाणासमोर उभा राहून त्याचा पुजारी बुधाजी घाडी ओरडला. समोर दोनशे माणसं होती. एकाचीही मान वर होईना, कारण लपवला सगळ्यांनीच होता.

शिडाच्या जहाजांचे दिवस होते ते, आणि गाव होतं खाडीकाठचं कांदळठाण. जत्रेला प्रत्येक घराने आपला कोंबडा पाषाणासमोर मांडायचा आणि त्यातला सगळ्यांत देखणा राखणदाराला द्यायचा, असा तिथला नेम होता. देखणा ठरला की कोंबडा मेलाच. मग देखणा आणणार कोण? लोक तुरा फाटलेले, लंगडे, म्हातारे कोंबडे आणत आणि एकमेकांची नजर चुकवत. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. लबाडी सगळ्यांना ठाऊक होती, बोलत कुणीच नव्हतं, आणि राखणदार कोपेल ही भीती मात्र दर जत्रेला वाढत होती.

त्या वर्षी कोंबड्यांत मानमोडी शिरली. माना पिरगळलेले पक्षी अंगणात गोल गोल फिरत आणि कोसळत. मग पोरांना ताप येऊ लागला. तीन घरांतले पाळणे रिकामे झाले. खाडीवरून वारा आला तरी बाया पोरांना पदराखाली घेत, असं म्हणतात.

घाडी ओरडला तेव्हा नाव कुणी घेतलं नाही. पण एकेक डोकं हळूहळू एकाच दिशेला वळलं. आवडू तांडेल तिकडे राहत होती.

आवडूचा भाऊ परदेशी जहाजावर खलाशी होता. एकदा तो जपानच्या किनाऱ्यावरून टोपलीत तीन पक्षी घेऊन आला, एक कोंबडा आणि दोन कोंबड्या. तिथल्या एका म्हाताऱ्याने त्याला बजावलं होतं की या जातीच्या खऱ्या नराचं शेपूट कधी गळत नाही, जन्मभर वाढतच राहतं, फक्त ते जमिनीला टेकू द्यायचं नाही. आवडूने ते मनावर घेतलं. नराचं शेपूट दिसतं तरी, मादीत काय दडलंय ते पिल्लं मोठी झाल्याशिवाय कळत नाही. म्हणून तिने कुठल्या मादीचं पिल्लू कुठलं हे बारा वर्षं डोक्यात ठेवलं. जोड्या लावल्या, मोडल्या, पुन्हा लावल्या. दर पावसाळ्यानंतर नरांची शेपटं गळायची आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. शेवटी एक नर असा निपजला की त्याचं एक पीसही गळलं नाही. त्याचं नाव तिने रेशम्या ठेवलं.

रेशम्यासाठी माणसाच्या उंचीचा अरुंद खुराडा होता. तो वरच्या दांडीवर बसे आणि शेपूट मऊ कापडात गुंडाळून शेजारी टांगलेलं असे. रोज सकाळी आवडू त्याला काखेत घेऊन अंगणात फिरवी आणि शेपूट दुसऱ्या हातावर झेली. बारा हात लांब होतं ते. मानमोडीने तिचे बाकी सगळे नर नेले होते. रेशम्या गेला असता तर ती जातच संपली असती.

"आवडूबाय, तुझ्या नवरदेवाक घेवन ये!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"नायतर आमी येतो दार मोडूक!" दुसरा म्हणाला. त्याच्याच घरी माळ्यावर दोन झुबकेदार कोंबडे बांधलेले होते.

आवडू आली. भर दुपारी, रेशम्याला काखेत घेऊन, शेपटाचं गाठोडं खांद्यावर टाकून. लोकांनी वाट करून दिली. इतकी वर्षं शेजारी राहून तो कोंबडा कुणी नीट पाहिला नव्हता.

"हो बघ बुधाजी," ती म्हणाली. "लपवलंय नाय. पण घेवचो तर नेमान घे."

नेम असा होता की बळी अखंड हवा, आणि तो सगळा राखेच्या रेघेच्या आत हवा. चोचीपासून शेवटच्या पिसाच्या टोकापर्यंत. रेघेच्या आत जे जे असेल ते राखणदाराचं, ते कुणालाही परत घेता येत नाही.

"एवढाच ना!" बुधाजी हसला. त्याने पाषाणाभोवती राख ओढली. आवडू गाठोडं सोडू लागली. तिचा हिशोब साधा होता. बारा हात शेपूट त्या रेघेत मावणार नाही, पीस कापलं तर बळी अखंड राहणार नाही, आणि नेमच घाडीचा हात धरील.

चार हात शेपूट निघालं. सहा, आठ. जमिनीला टेकू नये म्हणून पोरीबाळींनी ते तळव्यांवर झेललं. बुधाजी शेपटाच्या बाहेरच्या बाजूने राख ओढत मागे सरकत होता. बारावा हात निघाला, तरी टोक रेघेबाहेरच होतं. आवडूने सुटकेचा श्वास घेतला.

मग गाठोड्यातून तेरावा हात निघाला.

आवडू थांबली, पण शेपूट थांबेना. काळंभोर, थंड, ओल्या रेशमासारखं ते तिच्या बोटांतून आपोआप सरकत गेलं. लोक हातोहात पुढे देत राहिले, कारण सोडून द्यायची हिंमत कुणाला होती? शेपूट देवळामागून विहिरीकडे गेलं, विहिरीवरून माडांत शिरलं. राख संपली तेव्हा घराघरातल्या चुलींतून आणली. शेपूट खाडीपाशी वळलं, तापाने फणफणलेल्या पोरांच्या घरांमागून फिरलं आणि पुन्हा पाषाणापाशी आलं. टोक बुधाजीच्या पावलांशी थांबलं. त्याच्या हातातल्या राखेच्या शेवटच्या चिमटीने रेघ जुळली.

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. आपण सगळे आत आहोत. घरं आत, विहीर आत, पाळण्यातली पोरं आत. भर उन्हात कुणाचीच सावली पायाशी नव्हती, असं म्हणतात.

"मार आता," आवडू म्हणाली. "एक घेतलंस तर सगळी घेवची लागतली."

बुधाजीच्या हातून कोयता गळून पडला. तो पाषाणावर डोकं टेकून रडू लागला. "माझ्याकडे पण आसा, देवा. घरात. तांबडो. माझोच सगळ्यांत बरो आसा!"

मग एकेकाला कंठ फुटला. माळ्यावर, कणगीमागे, पाटीखाली, जिथे जिथे कोंबडे होते त्या जागा लोक ओरडून सांगू लागले. त्या गलक्यात रेशम्या एकदाच आरवला, आणि गलका बंद झाला.

त्याच दिवशी ताप उतरले, असं म्हणतात. जे राखणदाराचं ते तो राखणार नाही तर कोण?

पण शेपूट तसंच लोकांच्या हातांवर होतं, आणि ते जमिनीला टेकवायचं नव्हतं. आवडू रेशम्याला काखेत घेऊन ते गुंडाळत निघाली. विहिरीपाशी तिला पाहिलं, माडांत पाहिलं. खाडीच्या वळणावर शेवटच्या माणसाने हातातलं शेपूट तिच्याकडे दिलं. ती पुढे गेली आणि कुणालाच पुन्हा दिसली नाही. ती अजून गुंडाळतेय, असं म्हणतात. ती थकून थांबली तर काय होईल, हे कांदळठाणात कुणी मोठ्याने बोलत नाही.

तिच्या कोंबड्यांखाली रेशम्याची अंडी उबत होती, ती पिल्लं मात्र गावात उरली. आज तिथे दहा-बारा घरांत लांब शेपटाचे कोंबडे आहेत. जत्रेला लोक आपला सगळ्यांत देखणा पक्षी उजळ माथ्याने आणतात. शेपटं मोजतात, तळव्यांवर झेलून मिरवतात आणि पक्षी घरी नेतात. पाषाणावर सुरी चालत नाही. प्रत्येक घर आपल्या चुलीतली मूठभर राख देतं, आणि गावाभोवती रेघ ओढली जाते. तिला म्हणतात आवडूची रेघ. त्या दिवशी ती पायाने पुसायची नाही.

गेल्या जत्रेला शहरातून एक पशुवैद्य पक्षी बघायला आले होते. अंडी विकणारी पार्वतीण डोक्यावर पाटी घेऊन, लुगडं वर खोचून, राखेवरून भली मोठी ढांग टाकत होती. वैद्य हसून म्हणाले, "अहो बाई, गोष्टच आहे ना ती?"

पार्वतीणीने पलीकडे पाय नीट टेकवला. मग म्हणाली, "गोष्ट असात, डाक्टरानू. पाय माझे आसत."