उमेदपुरींच्या मठातला रांजण

"...म्हणजे महाराज, माझं म्हणणं एवढंच, की बाटलीचं पाणी घेतलेलं बरं. नळाचं आता नको."

उमेदपुरी महाराजांनी डोळे उघडले नाहीत. आठ दिवस त्यांचं पोट बिघडलेलं होतं आणि बोलण्याचाही त्यांना कंटाळा आला होता.

"कुणासाठी बरं?"

"तुमच्यासाठी. मठासाठी."

वेळापुरे यांनी पाण्याच्या बाटल्यांची दोन खोकी आणली होती. टेकडीच्या साठ पायऱ्या त्यांनी ती स्वतः चढवली होती. एवढ्या मोठ्या माणसानं ओझं वाहिलं, हे कुणीतरी पाहावं अशी त्यांची इच्छा दिसत होती. पाहायला मठाचा सेवेकरी मी एकटाच होतो. मी तांदूळ निवडत होतो, मान वर केली नाही.

सुधाकर वेळापुरे आमच्या गावच्या जलशुद्धीकरण केंद्रावर केमिस्ट. शिकलेले, हुशार, आणि ते दोन्ही समोरच्याला लवकर कळावं अशी काळजी घेणारे. नगरपालिकेच्या फळ्यावर दर सोमवारी एक कागद लागतो. 'पाणी पिण्यास योग्य आहे.' खाली यांची सही. मोठी, वळणदार. गाव ती सही बघतं आणि निर्धास्तपणे नळाखाली हंडा लावतं.

त्या दिवशी रविवार होता.

मठाचा एक जुना रिवाज आहे. टेकडीवर पाणी नाही, ना विहीर, ना नळ. म्हणून जो वर येतो तो घरून तांब्याभर पाणी आणतो आणि दाराजवळच्या रांजणात ओततो. ज्याला तहान लागेल तो त्यातूनच पितो. कुणाच्या घरचं, हे कुणी विचारत नाही. महाराजही तेच पितात.

"हा रांजण आता काढून टाकू," वेळापुरे म्हणाले. "दर रविवारी मी बाटल्या पोचवीन. ती जबाबदारी माझी."

"लोक तांब्या घेऊन येतील. त्यांना काय सांगू?"

"सांगा, की... आता चांगली सोय झाली."

"नळाच्या पाण्याला काय झालं?"

"झालं काही नाही. म्हणजे... लाइन जुनी आहे."

"आणि?"

"पाणी गाळायची वाळू बदलायला हवी. सहा वर्षं झाली. मी तीनदा लिहून दिलं, महाराज. तीनदा! पुढच्या वर्षी बघू, एवढंच उत्तर येतं."

"चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा वरच्या साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, वेळापुरे, तुमची नोकरी किती राहिली? म्हटलं, चौदा महिने. म्हणाले, मग शांतपणे काढा की."

"मग?"

"मग... काढतोय."

हे ते इतक्या हळू म्हणाले, की मला ऐकायला तांदूळ खाली ठेवावे लागले. सकाळपासून मी त्याच रांजणातलं दोन पेले पाणी प्यालो होतो. महाराजांच्या पोटाला आठ दिवस ओव्याचा अर्क देत होतो आणि वर त्याच पाण्याचा पेला पुढे करत होतो. खरं सांगतो, माझं डोकं फिरलं. मी काही बोलणार, तेवढ्यात महाराजांनी नुसता हात वर केला. मी पुन्हा खडे शोधायला लागलो.

"तू घरी काय पितोस?"

"बाटलीचं."

"कधीपासून?"

"झाली... पाच-सहा वर्षं."

महाराजांनी आता डोळे उघडले. खोक्यातली एक बाटली उचलून उन्हात धरली. पाणी स्वच्छ होतं, त्यात वाद नाही.

"हे बाटलीवाले पाणी कुठून आणतात?"

वेळापुरे यांना हा प्रश्न आवडला नाही.

"आपल्याच लाइनीवरून घेतात. पण नीट गाळतात, महाराज. यंत्रं आहेत त्यांच्याकडे. मी स्वतः तपासलंय. एक नंबर पाणी आहे."

"म्हणजे जे तू गाळायचं, ते हे लोक गाळतात."

महाराज रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या आवाजात नुसता थकवा होता. बाटली त्यांनी होती तशी खोक्यात ठेवून दिली.

वेळापुरे मात्र चिडले.

"मी एकट्यानं काय काय करायचं? सव्वीस वर्षं त्या केंद्रावर घालवली. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की मी घरी जात नसे, तिथेच आडवा व्हायचो. तेव्हा कुणी विचारलं नाही. आता मी दमलो, महाराज. मला कुणाशी भांडायचं नाही. खाली मान घालून उरलेले महिने गेले, की सुटलो."

"सूट मग."

"तसं नाही..."

ते खाली बसले. टेकडी चढून आलेला घाम अजून वाळला नव्हता. मग त्यांनी विचारलं, आणि त्या आवाजात पहिल्यांदाच हुशारी नव्हती.

"उद्या सोमवार आहे. खालच्या आळीत कावीळ निघालीय, चार-पाच घरांत. उद्याच्या कागदावर सही करू की नको, एवढं सांगा. योग्य नाही असं लिहिलं तर मला घरी बसवतील. पेन्शन अडकवतील. योग्य आहे असं लिहिलं तर... तुम्ही सांगाल तसं करीन."

मला तेव्हा कळलं, हा माणूस खोकी घेऊन वर का चढला होता.

महाराज भिंतीला धरून उठले. आठ दिवसांत त्यांच्या पायांत जीव राहिला नव्हता. रांजणापाशी गेले, झाकण काढलं.

"तहान लागलीय?"

"हो... लागलीय."

"पुढे ये. ओंजळ कर."

वेळापुरे यांनी ओंजळ केली. महाराजांनी ओगराळं बुडवलं आणि वरून धार धरली. ओंजळ काठोकाठ भरली.

महाराजांच्या हातचं पाणी मठात कुणी नाकारत नाही. ते तीर्थच. वेळापुरे वीस वर्षं मठात येत होते, त्यांना हे पुरतं माहीत होतं. ओंजळ तोंडाकडे गेली, अर्ध्यात थांबली. प्यावं तर जिवावर येत होतं, टाकावं तर धीर होत नव्हता. बोटांच्या फटींतून पाणी गळून त्यांच्या इस्त्रीच्या पँटवर पडायला लागलं.

महाराज परत आपल्या जागी जाऊन बसले आणि डोळे मिटले.

"महाराज..."

तशीच ओंजळ धरून वेळापुरे उभे असताना खालच्या आळीतली भामाबाई धापा टाकत वर आली. कमरेवर तांब्या. आल्या आल्या तिनं तो रांजणात रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि मग तिचं लक्ष गेलं.

"अगं बाई, पान्याचं सायेब! तीर्थ घेताय व्हय? घ्या, घ्या."

वेळापुरे ओंजळीकडे बघत राहिले.

"म्हाराज, नातीसाठी अंगारा द्या. कावीळ झालीया पोरीला. अंग नुसतं हळदीसारखं झालंय. डाक्टर म्हनतो, पानी उकळून द्या. मी म्हनलं, पान्यात काय असनार? सोमवारच्या सोमवारी मी फळ्यावरचा कागद शिपायाकडनं वाचून घेते. खाली आपल्या सायबांची सही असती!"

हे ती मोठ्या कौतुकानं सांगत होती.

भामाबाईनं पेला घेतला, रांजणात बुडवला आणि तोंडाला लावायला उचलला.

"पिऊ नका!"

वेळापुरे एवढ्या मोठ्यानं ओरडले, की कळसावरचे पारवे उडाले. ओंजळ फुटली. उरलेलं पाणी फरशीवर.

भामाबाईचा पेला हवेतच राहिला.

"का वो सायेब?"

"ते पाणी... चांगलं नाही."

"ह्ये? रांजनातलं?"

"नळाचं. सगळंच."

"कवापास्नं?"

भामाबाईनं एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. ती आरडाओरडा करील असं मला वाटलं होतं. तिनं पेल्यातलं पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलं आणि पेला झाकणावर पालथा घातला.

"नात चार वर्सांची हाय, सायेब," एवढंच म्हणाली.

वेळापुरे यांनी घाईघाईनं खोकं फाडलं. एक बाटली काढून तिच्या हातात कोंबली, मग दुसरी, मग तिसरी. भामाबाईच्या हातांत त्या मावेनात.

"आन् ह्या सरल्यावर?"

वेळापुरे यांचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हातही कोरडे नव्हते.

महाराजांनी अंगाऱ्याची पुडी बांधून भामाबाईला दिली.

"हा कपाळाला लाव. आणि डॉक्टर सांगतात तसं कर. पाणी उकळूनच दे, आळीतल्या बायकांनाही सांग."

"व्हय म्हाराज."

तिनं बाटल्या ओच्यात घेतल्या आणि रिकामा तांब्या उचलून पायऱ्या उतरायला लागली. तिची चाहूल बंद झाली.

"महाराज," वेळापुरे म्हणाले, "मी विचारलं त्याचं उत्तर दिलं नाहीत तुम्ही. उद्या अकराला कागद लावायचा असतो."

महाराजांनी खांद्यावरचं विटलेलं उपरणं काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"ते उत्तर मघाशी भामाबाईला तूच दिलंस. हात पूस, सुधाकर. ओल्या हातानं सही पसरते."