चिखलमुक्त जंगल

एका जंगलात अस्वल राज्य करायचं आणि म्हशी भात पिकवायच्या. मी बगळा, राज्याचा अर्थसल्लागार. मी पांढराशुभ्र आहे आणि एका पायावर तासभर गप्प उभा राहतो. महाराजांना वाटलं, हा विचार करतो.

एकदा महाराजांनी विचारलं, "आपण मागास का?"

"चिखलामुळे," मी म्हणालो. "प्रगत जंगलात कुणी चिखलात उभं राहत नाही." तेव्हा मी स्वतः गुडघाभर चिखलात होतो.

लगेच फर्मान निघालं. खाचरं बुजवून फरशी बसवली, नाव दिलं 'प्रगती मैदान'. म्हशींना टोप्या घालून तिथेच पहारेकरी नेमलं.

भिवराक्का ही सगळ्यांत जुनी म्हैस. तिने विचारलं, "महाराज, मग खायचं काय?"

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं.

"सेवाक्षेत्र," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. अर्थ मलाही माहीत नव्हता, म्हणून मीही वाजवल्या.

पहिलं वर्ष कोठारावर निघालं. दुसऱ्या वर्षी मी 'उपवास हेच आरोग्य' मोहीम काढली. तिसऱ्या वर्षी शेजारच्या जंगलाकडे तांदूळ मागितला. त्यांचा कोल्हा नम्रपणे म्हणाला, "आमच्याकडे निवडणूक आहे हो. सध्या एक दाणा बाहेर जाणार नाही."

हरणांची पिल्लं मैदानावर बसल्या जागी कलंडू लागली. खाचरं गेली तसे बेडूकही गेले होते, त्यामुळे माझ्याही पोटात काही नव्हतं. खरं सांगायचं तर अक्कल तेव्हा आली.

मी भिवराक्कासमोर मान खाली घालून उभा राहिलो. "अक्का, चुकलो."

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली. "फरशी उचलू लाग."

टोप्या फेकून म्हशींनी मैदान उखडलं, पाणी अडवलं, खुरांनी चिखल तुडवला. अक्काने घरात जपलेलं बियाणं काढलं. लावणीला मीही उतरलो. चोचीने एक अख्खी ओळ लावली.

"शहाण्या," अक्का म्हणाली, "मुळं खाली."

ती ओळ तिने मला पुन्हा लावायला लावली. मी लावली. नोकरीतलं माझं तेवढंच उपयोगी काम.

भात आला. पिल्लं उठून उड्या मारू लागली. महाराजांनी सगळा भात कोठारात नेला आणि मला वाढीचा दर विचारला. आधी शून्य होतं, त्यामुळे दर पाटीवर मावेना. त्या जोरावर महाराजांनी शेजाऱ्यांसारखी निवडणूक लावली.

मतदानाच्या आदल्या दिवशी प्रत्येक म्हशीला पाच शेर तांदूळ फुकट मिळाला. पिशवीवर महाराजांचा फोटो होता. म्हशींनी आभार मानले.