न भरणारे घडे

एका राज्यात नदी दुथडी वाहत होती, पण घडा भरत नसे. बुडवून वर काढावा, तर आतून कोरडा ठणठणीत. लोक ओंजळीने पीत. ओंजळीने संसार होतो का?

कारण ऐका. किल्लेदाराने कालकेतू मांत्रिकाची बाग हडपली. मांत्रिक न्यायसभेत दाद मागायला गेला, तर आसनावर तोच किल्लेदार. "बाग मी घेतली नाही, हा माझा निवाडा," म्हणाला आणि जेवायला उठला. मांत्रिकाने शापिले, "मी रिता परतलो, तुमची भांडी रितीच राहोत."

राजाने किल्लेदाराला हाकलले आणि शिवगंगेला सभाप्रमुख नेमले. बाई करारी. तिची लेक गरोदर होती, न्हाणीत घडाभर पाणी नव्हते.

शिवगंगा मांत्रिकाकडे गेली. "बाग परत घ्या, शाप काढा."

"बाग राजाही देईल. मला सभा हवी. तीन कामे करा. सभा अशी लावा, की ज्याचा तंटा त्याने तोलू नये. मग राजाच्या हुकुमाविरुद्धही दाद लागू द्या. तिसरे काम आपल्या पायांनी येईल."

शिवगंगेने तीन दालने केली. एक घर-शेताच्या तंट्यांना, एक सरकारी हुकुमांवरच्या तक्रारींना. निराधारांच्या सांभाळाचे तिसरे दालन अंगणातली जांभूळ तोडून बांधले. दर दालनाला मुख्य नेमला. कोणता तंटा कोणी ऐकावा, हे वादी ठरवत नसे, राजाही ठरवत नसे. ती ठरवी, आणि नात्यागोत्यातल्याला देत नसे.

हुकुमांच्या दालनाचे मुख्य त्र्यंबकभट्ट कुरकुरले, "बाई, एखादा मोठा तंटा द्या, नाव होईल."

"नाव हवं तर बारसं करा, भटजी."

मग एका कोळ्याने तक्रार केली, की राजाने घाट बंद केला. त्र्यंबकभट्टांनी हुकूम रद्द केला.

राजाने मिशी ओढली. "आमचाच हुकूम?"

"आपलाच, महाराज," शिवगंगा म्हणाली. राजाने मान झुकवली. घड्यांच्या तळाला ओल आली. पाणी नाही.

लेकीला कळा सुरू झाल्या, त्याच सकाळी एक मैना सभेत उतरली.

"माझी तक्रार आहे. माझे घरटे असलेली जांभूळ तोडली. मला विचारले नाही. हुकूम शिवगंगेचा."

शिवगंगेच्या ओठांवर आले होते, 'हे मी आत्ता निकालात काढते.' मग तिला किल्लेदार आठवला. ती आसनावरून उतरली आणि वादी-प्रतिवादी बसतात त्या जमिनीवर बसली.

"भटजी, हे तुमच्या दालनाचं. वर या."

त्र्यंबकभट्ट चढले. "मिळाला की, बाई, मोठा तंटा." त्यांनी दोघींचे ऐकले. "जांभूळ विचारून तोडायची होती. नवी लावा. ती वाढेपर्यंत मैनेचे घरटे आसनाच्या वरच्या तुळईवर."

"मान्य," शिवगंगा म्हणाली. दात आवळूनच म्हणाली.

तेवढ्यात घाटावरून गुडगुड ऐकू आली. घडे भरत होते. सुईण धावली, आणि शिवगंगेची नात कढत पाण्याने न्हाली. मांत्रिकाने बाग घेतली आणि पहिला पेरू त्याच न्हाणीघरात धाडला.

नवी जांभूळ वाढली, तरी मैना तुळईवरून हलली नाही. त्या राज्यात प्रमुख होणाऱ्याला अधूनमधून डोके पुसावे लागते. पुसावेच. त्यांचे घडे भरले, तसे तुमचेही भरोत.